फिल्टरची जाळी काढून ठेवू नका
(शहापूर-मुरबाडकडच्या ठिबकवाल्या भाजीपाला शेतकऱ्यांसाठी)

मार्च उजाडला की दुकानात एकच तक्रार: "नळ्या चोक झाल्या, नवीन द्या." नळी कापून बघावी तर ड्रिपरमध्ये (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीत) गाळ, आणि फिल्टर उघडावा तर आत जाळीच नाही! पाण्याला जोर नाही म्हणून ती कुणीतरी काढून ठेवलेली असते.

धरण उशाला आणि कोरड घशाला, हे भातसा-तानसाच्या शेजाऱ्यांना काय सांगायचं. आपल्या भेंडी-काकडीला आधार विहिरीचाच. उन्हाळ्यात पातळी उतरली की पंपाला पाणी जास्त खोलून उचलावं लागतं, म्हणून ते कमी येतं आणि दाब पडतो. त्यात पंपाच्या पाइपच्या खालच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह विहिरीच्या तळाशी टेकला की गाळही ओढला जातो. म्हणजे 120 मेशच्या (इंचाला 120 छिद्रं असलेल्या) जाळीची खरी गरज तेव्हाच.

जाळीला हात लावण्याआधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे दाब दाखवणारे गेज बघा. आधीचा 1.5 आणि नंतरचा 0.8 किलो (चौरस सेंमीला), असा अर्ध्या किलोच्या वर फरक दिसला तर जाळी तुंबली आहे. पंप बंद करून दाब उतरू द्या, जाळी मऊ ब्रशने धुवा. तारेचा ब्रश नको. रबर रिंग नीट बसली नाही तर गढूळ पाणी बाजूनेच निसटतं.

दोन्ही गेज खाली असतील तर बहुधा पाणीच कमी आहे. दोन ओळींत 4 फूट अंतर, ड्रिपर 40 सेंमीवर, ताशी 2 लिटरचा, तर एकराला सुमारे 8,400 ड्रिपर आणि तासाला 16,800 लिटर पाणी लागतं. तेवढं येत नसेल तर व्हॉल्व्ह बंद करून अर्धा-अर्धा एकर भिजवा. वेळ दुप्पट जाईल, पण शेवटच्या रोपालाही पाणी पोचेल.

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा फ्लश करा, म्हणजे टोकं उघडून गाळ वाहून जाऊ द्या. आधी सबमेन (नळ्यांना पाणी देणारा पाइप), मग नळ्यांची टोकं, एका वेळी पाच-सहाच. सगळी एकदम उघडली तर पाण्याला गाळ ढकलण्याइतका वेग राहत नाही.

जाळी काढलेल्या सेटच्या नळ्या आम्ही फुकट बदलून देत नाही, वाईट वाटून घेऊ नका. बिलात दोन गेज दिसले की काही जण कुरकुरतात, पण एकराची नळी पुन्हा घ्यायची वेळ आली की गेज स्वस्त वाटतात. सुटी जाळी, रिंगा, व्हॉल्व्ह दुकानात असतात. येताना जुनी जाळी सोबत आणा. कंपनीप्रमाणे माप बदलतं, फोटोवरून कळत नाही.