अंग, अन्न आणि काला

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या माशेलच्या देवकीकृष्ण देवळापुढच्या मैदानात चिखलकाला रंगतो. अंगाला तेल चोपडलेले पुरुष नि पोरं चिखलात लोळतात, बाळकृष्णाचे खेळ खेळतात आणि भोवतीची माणसं त्यांच्यात खाऊ उधळतात. हे दैवत मूळचं चोडण बेटावरचं. पोर्तुगिजांच्या जाचामुळे मये गावामार्गे माशेलला आलं. शिरगावात लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, जत्रेआधी सोवळं पाळतात, मासे-मांस सोडतात आणि मगच होमखणाच्या, म्हणजे जत्रेत पेटवलेल्या लाकडांच्या ढिगाच्या, निखाऱ्यांवरून धावतात. देह आधी आहारानं तयार करायचा, मग पणाला लावायचा, हा क्रम इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे.

त्यामुळे परफॉर्मन्स आर्टचा, म्हणजे स्वतःचा देह आणि कृती हीच कलाकृती मानणारा, एखादा कलावंत कलादालनात उघड्या अंगावर दही-भात ओतून घेऊ लागला, तर गोव्यातला प्रेक्षक दचकण्याआधी विचारतो, ‘हे कसलं व्रत?’

या कलाप्रकाराचा पाश्चात्त्य उगम मात्र व्रतात नाही, चित्रांच्या बाजारावरच्या रागात आहे. विकता येणारी वस्तू नको, म्हणून देहच माध्यम झाला. 1962 मध्ये ॲलिसन नोल्स यांनी लंडनमध्ये प्रेक्षकांसमोर सॅलड केलं, तेवढीच ती कलाकृती. 1964 मध्ये पॅरिसला कॅरोली श्नीमन यांच्या सादरीकरणात अर्धनग्न कलाकार कच्चे मासे, कोंबड्या आणि ओल्या रंगांत लोळले. व्हिएन्नात हर्मन निच यांनी रक्त-मांसाचे जवळजवळ यज्ञच मांडले. 1975 मध्ये मरीना अब्रामोविच यांनी किलोभर मध खाल्ला, लिटरभर वाइन प्यायली आणि मग स्वतःच्या पोटावर ब्लेडनं चांदणी कोरली.

आपल्याकडची वाट वेगळी. 1992-93 च्या दंगलींनंतर, 1995 मध्ये, कलावंत रुम्माना हुसेन मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात पायांत घुंगरू बांधून, हातात चिरलेली पपई घेऊन चालल्या. तोंड किंकाळीसारखं उघडं, पण आवाज नाही. बिया दिसणारं ते फळ पाहताना बाईचं शरीर आठवल्यावाचून राहत नाही. भारतीय परफॉर्मन्स आर्टमध्ये अन्न इतक्या नेमकेपणानं क्वचितच वापरलं गेलं असेल.

गोव्यात या कलेला हक्काची जागा उशिरा मिळाली. 2014 मध्ये परफॉर्मन्स कलावंत निखिल चोप्रा आणि सहकाऱ्यांनी एचएच आर्ट स्पेसेस सुरू केली, 2016 पासून पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव भरू लागला.

पण गावातली आजी अजून विचारते, ‘अन्नाचं पुढे काय केलं?’ मला हा प्रश्न समीक्षकांच्या प्रश्नांहून खरा वाटतो. देवळातल्या काल्याची हंडी फुटली की दही-पोहे वाटले जातात; दालनातलं अन्न बहुधा पोत्यात भरून फेकलं जातं. अपवाद आहेत: कलावंत रिरक्रित तिरावनिजा यांनी 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या गॅलरीत थाई करी-भात रांधला आणि आलेल्या-गेलेल्याला फुकट वाढला. माशेलकरांना ते सहज पटलं असतं.