दरजा भरण्याआधी चुना तपासा

जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यांतला चुना भुसभुशीत झाला की सिमेंटने दरजा (म्हणजे हे सांधे) भरून मोकळं व्हायचं, ही दुरुस्ती आजही सर्रास होते. काही काळ भिंत छान दिसते. मग सिमेंट जागच्या जागी राहतं आणि शेजारच्या दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीतला ओलावा एरवी चुन्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. सिमेंटने ती वाट अडली की तो दगडातून बाहेर येतो, पाणी उडून जातं आणि मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक वाढून दगड आतून फोडतात. सांधा दगडापेक्षा कमजोर असतो तो मुद्दामच: झीज त्याने सोसायची आणि तोच पुन्हा भरायचा.

म्हणून आधी मूळ चुन्यात काय आहे ते पाहायला हवं. ही वाट जुनी आहे. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात एडिस्टन दीपगृह बांधायचं होतं, तेव्हा इंग्रज अभियंता जॉन स्मीटनने 1756 मध्ये वेगवेगळ्या चुनखडी नायट्रिक आम्लात विरघळवून पाहिल्या. ज्या चुनखडीत मातीचा अंश निघाला, तिचाच चुना पाण्यातही घट्ट होत होता.

आजही पहिली चाचणी आम्लाचीच. नमुना मात्र सांध्याच्या खोलातून घ्यावा, कारण वरचा थर बहुधा नंतरच्या डागडुजीचा असतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यावर तो फसफसतो, चुना विरघळतो, तळाशी वाळू उरते. ती धुऊन, चाळून तिचा रंग आणि कणांचा आकार पाहतात. पण वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही विरघळतो आणि चुना होता त्याहून जास्त भरतो! त्यामुळे निव्वळ या चाचणीवरून चुना-वाळूचं प्रमाण ठरवणं मला धोक्याचं वाटतं. नमुन्याचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की शिंपल्याचे तुकडे, विटेची पूड, नीट न मिसळलेल्या चुन्याच्या पांढऱ्या गाठी असं सगळं वेगवेगळं दिसतं. या गाठींवरून चुना कसा विरवला होता, म्हणजे भाजलेल्या चुनखडीत पाणी कसं घातलं होतं, याचाही अंदाज बांधता येतो.

वनस्पतिजन्य पदार्थ शोधायला वेगळ्या चाचण्या लागतात. चीनमधल्या जुन्या बांधकामांच्या चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत. त्यातला स्टार्च आयोडिनच्या थेंबाने रंग बदलून सापडतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे आढळल्याचं संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झालं.

प्रयोगशाळेतून आलेलं प्रमाण जसंच्या तसं गवंड्याच्या हाती देऊ नये. शतकानुशतकं पाण्याने चुना थोडा वाहून गेलेला असतो. म्हणून त्या प्रमाणाच्या आसपासची दोन-तीन मिश्रणं करून त्यांचे ठोकळे पाडतात आणि त्यांची ताकद, पाणी शोषण्याची क्षमता भिंतीतल्या दगडाशी ताडून पाहतात. ठोकळा फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारं रसायन टाकावं. आतला भाग गुलाबी झाला, तर चुन्याला घट्ट करणारा हवेतला कार्बन डायऑक्साइड अजून तिथवर पोहोचलेला नाही आणि त्या ठोकळ्याची खरी ताकद मोजायला आणखी थांबायला हवं.