माओरी जमिनीवर दूध किंवा मेंढ्यांची शेती उभी करायची तर: पात्रता, कागदपत्रं आणि कोर्टाची पायरी

न्यूझीलंडमध्ये माओरी फ्रीहोल्ड जमीन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या सामाईक मालकीची खास दर्जाची जमीन, सुमारे १४ लाख हेक्टर आहे, म्हणजे देशाच्या एकूण जमिनीच्या साधारण ५ टक्के. बहुतेक सगळी उत्तर बेटावर. यातले जमिनीचे कितीतरी गट आजही मानुकाच्या झुडपांखाली आहेत, नाहीतर शेजाऱ्याची गुरं तिथे जुजबी भाड्याने चरतात. अशी जमीन दुभत्या गायींखाली किंवा मेंढ्यांखाली आणायची तर गवताचं बी आणि तारेचं कुंपण फार पुढची गोष्ट. आधी माओरी लँड कोर्ट, म्हणजे माओरी जमिनींचं खास न्यायालय. आणि तिथे शेतीच्या आराखड्यापेक्षा मालकांच्या बैठकीची नोटीस जास्त बारकाईने पाहिली जाते.

याचं कारण इतिहासात आहे. १८६५ पासून त्या काळच्या नेटिव्ह लँड कोर्टाने टोळ्यांच्या सामूहिक जमिनीचे माणसागणिक हिस्से पाडले. पुढे प्रत्येक पिढीत वारसांची नावं चढत गेली. सामाईक सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांपासून नातवंडांपर्यंत सगळे असावेत, तसं. एका गटाला शेकडो मालक असणं तिथे नेहमीचं, आणि त्यातले कितीतरी कुठे राहतात हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी उतारा तपासा

गटाचं नाव, क्षेत्र, मालकांची यादी, आधीचे ट्रस्टी, हे सगळं कोर्टाच्या ‘पाताका फेनुआ’ या संकेतस्थळावर शोधता येतं. अर्जही तिथूनच भरता येतो.

उताऱ्यावर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, जमिनीचा दर्जा. १९६७ च्या दुरुस्ती कायद्याने चार किंवा त्याहून कमी मालकांच्या अनेक जमिनी मालकांना न विचारता ‘सर्वसाधारण’ करून टाकल्या होत्या. तुमचा गट त्यात गेला असेल तर खाली दिलेली वाट थेट लागू होत नाही; दर्जा बदलून घेण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो.

दुसरी, तुमचं स्वतःचं नाव. पणजीचंच नाव अजून उताऱ्यावर असेल तर आधी वारसनोंद करा. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र असल्यास ते, आणि कुटुंबाची वंशावळ लागते. २०२१ पासून वाद नसलेल्या साध्या वारसनोंदी न्यायाधीशांपुढे न नेता रजिस्ट्रारच करून देतात, त्यामुळे हा टप्पा पूर्वीइतका लांबत नाही.

अर्ज कोण करू शकतं

सगळा कारभार १९९३ च्या ‘ते तुरे फेनुआ माओरी’ कायद्याखाली चालतो. शेतीसाठी सर्वांत रुळलेली वाट म्हणजे आहू फेनुआ ट्रस्ट. एखादा किंवा अनेक गट ट्रस्टींच्या हाती सोपवायचे आणि त्यांनी सर्व मालकांच्या वतीने ते चालवायचे. एकच मालकसुद्धा अर्ज दाखल करू शकतो, मात्र सगळ्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क त्याला त्यामुळे मिळत नाही. मोठा व्याप असेल तर इन्कॉर्पोरेशनचा पर्याय आहे. त्यात मालक भागधारक होतात आणि व्यवस्थापन समिती कारभार पाहते. मांगाकिनो भागातली वैरारापा मोआना इन्कॉर्पोरेशन अशीच दूधशेती करते. या लोकांचं वैरारापा सरोवर १८९६ मध्ये सरकारकडे गेलं आणि बदल्यात, तब्बल दोन दशकं घालवून, शेकडो किलोमीटर दूरची, मांगाकिनो भागातली पौआकानीची जमीन हाती पडली. तीच आज गायींखाली आहे.

कागदपत्रं, आणि त्यातला खरा कागद

ट्रस्टसाठी कोर्टाचा ठरलेला अर्ज, गटाचा तपशील, ट्रस्ट ऑर्डरचा, म्हणजे ट्रस्टचे नियम ठरवणाऱ्या आदेशाचा, मसुदा (नमुना कोर्टाकडेच मिळतो), प्रस्तावित ट्रस्टींची नावं, त्यांची लेखी संमती आणि त्यांच्या अनुभवाची थोडक्यात माहिती जोडायची. इथवर कुणीही पोहोचतं.

कायद्यातली अट मात्र अशी की, मालकांना या अर्जावर चर्चा करायची पुरेशी संधी मिळाली होती आणि कुणाची दखल घेण्याजोगी हरकत नाही, याची खात्री पटल्याशिवाय कोर्टाने ट्रस्ट मंजूर करायचा नाही. ही खात्री पटवणारे कागद म्हणजे बैठकीची नोटीस, ती कुणाला कशी पोहोचली याचा पुरावा, हजेरीपट, इतिवृत्त आणि मतांचा आकडा.

नोटीस काढताना हात आखडू नका. स्थानिक वर्तमानपत्रातली जाहिरात, पत्ते असतील त्यांना पत्रं, टोळीचा रेडिओ, फेसबुकवरचे कौटुंबिक गट, ऑस्ट्रेलियात गेलेल्यांसाठी ऑनलाइन हजेरीची सोय, हे सगळं वापरा आणि प्रत्येकाची प्रत फाइलला लावा. नोटिशीत विषय स्पष्ट हवा. ‘जमिनीबाबत चर्चा’ एवढंच लिहून बोलावलं आणि बैठकीत ट्रस्टी निवडून मोकळे झालात, तर सुनावणीत एखादी मावशी उठून ‘मला हे माहीतच नव्हतं’ म्हणणार, आणि तिचं म्हणणं खरं असेल. इतिवृत्तात विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही नोंदवा. एकमुखी ठरावापेक्षा मतभेदांची प्रामाणिक नोंद कोर्टापुढे जास्त टिकते असं माझं मत आहे. ट्रस्टी नेमताना त्यांची पात्रता तर पाहिली जातेच, शिवाय मालकांना ते साधारणपणे मान्य आहेत का, हेही पाहिलं जातं.

सुनावणी

अर्ज दाखल झाला की प्रकरण कोर्टाच्या मासिक ‘नॅशनल पानुई’ यादीत छापलं जातं. सुनावणीला वकील असलाच पाहिजे असं नाही आणि माओरी भाषेत बोलता येतं. निर्णय मान्य नसेल तर माओरी अपेलेट कोर्टात दोन महिन्यांच्या आत जायचं.

पैसा

इथे गाडी अडते. ट्रस्टची जमीन विकायची तर ७५ टक्के हिस्सेदारी असलेल्या मालकांची संमती लागते आणि पहिला हक्क आप्तांचा. थोडक्यात, जमीन हातची जाणार नाही, आणि हे उत्तमच. पण जी जप्त करून सहज विकता येत नाही तिच्यावर बँक कर्ज द्यायला कचरते. म्हणून कर्ज बहुधा जनावरांवर आणि दुधाच्या उत्पन्नावर उभं करावं लागतं.

ही अडचण जुनीच. सर आपिराना ङाटा यांनी मंत्री असताना १९२९ च्या कायद्याने सरकारी पैशातून विकास योजना सुरू केल्या. रान साफ करणं, कुंपण, घरं, गायी, सगळं कर्जाने. फेड पुढच्या उत्पन्नातून. शेतं उभी राहिली, पण कर्ज फिटेपर्यंत कारभार सरकारी खात्याच्या हाती राहिला. १९३४ मध्ये चौकशी आयोगाने हिशेबांवर ताशेरे ओढले आणि ङाटांनी राजीनामा दिला. उत्तर बेटाच्या मध्य पठारावरच्या ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत तर जनावरं खंगून मरत. ते कोबाल्टच्या कमतरतेमुळे होतं, हे १९३० च्या दशकात उलगडलं.

आज सुरुवातीच्या अभ्यासासाठी ‘ते पुनी कोकिरी’ या माओरी विकास मंत्रालयाकडे चौकशी करा. माती परीक्षण, व्यवहार्यता अहवाल, ट्रस्टचा कारभार बसवणं अशा कामांना तिथून मदत मिळत आली आहे. योजना अंदाजपत्रकागणिक बदलतात, म्हणून चालू अटी त्यांच्याकडूनच घ्या.

घरपट्टीसारखा स्थानिक कर, म्हणजे रेट्स, हा दुसरा मुद्दा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पूर्णपणे वापरात नसलेल्या माओरी जमिनीवर तो लागत नाही. पण शेती सुरू केली की लागू होतो! म्हणून विकास चालू असतानाच कौन्सिलकडे सवलतीचा अर्ज द्या. रोजगार, घरं, कौन्सिलचं पुढचं उत्पन्न यांतलं काय साधणार ते त्यात मांडायचं असतं. आयकरासाठी ट्रस्टला ‘माओरी अथॉरिटी’ म्हणून नोंदणी करून १७.५ टक्के दर घेता येतो. ही नोंदणी आपोआप होत नाही, निवडून घ्यावी लागते.

कौन्सिलची परवानगी

गायींसाठी हा टप्पा मेंढ्यांपेक्षा बराच कडक. शेणमूत्राचा निचरा, पाणी उपसा, जमिनीच्या वापरातला बदल, या सगळ्यासाठी प्रादेशिक कौन्सिलचे नियम पाहावे लागतात. गवताळ जमिनीला रासायनिक नत्राची मर्यादा वर्षाला हेक्टरी १९० किलो आहे. ताउपो सरोवराच्या पाणलोटात नत्राचा कोटा, म्हणजे शेतातून किती नत्र झिरपू द्यायचं याची हद्द, २००१ ते २००५ या काळातल्या शेतीवरून ठरला. ज्यांनी आधीच भरपूर जनावरं पाळली त्यांना मोठा कोटा, आणि ज्यांची जमीन पैशाअभावी पडीक राहिली त्या माओरी मालकांना नगण्य. हा अन्याय आहे, पण जमीन त्या भागात असेल तर गायींचं गणित मांडण्याआधी कोटाच विचारा.

राबणार कोण

ट्रस्ट स्वतः व्यवस्थापक नेमू शकतो, अर्ध्या वाट्याच्या करारावर स्वतःचा कळप आणणारा शेअरमिल्कर ठेवू शकतो किंवा जमीन भाड्याने देऊ शकतो. २१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदीसाठी कोर्टाकडे पाठवावा लागतो आणि ५२ वर्षांच्या पुढे मालकांची वेगळी संमती लागते. न्यूझीलंडच्या डेअऱ्यांवर काम करणाऱ्या आपल्या मुलांनाही व्यवस्थापक किंवा शेअरमिल्कर म्हणून इथे दार उघडं आहे. मालकी हवी तर वंशाचं नातं लागतं. दुधाचा हंगाम १ जूनला बदलतो, त्यामुळे कराराची बोलणी त्याच्या बऱ्याच आधी, उन्हाळ्यातच सुरू करावी लागतात. तिथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी.