वाळायला आठ महिने: पुण्याच्या घरांतली ओल, उष्णता आणि हवा

जून लागला की कोथरूड, कर्वेनगर, औंध, वाकड इथल्या सोसायट्यांच्या बैठकांत गळतीचा विषय हमखास निघतो. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या छतावर उतरलेला डाग, पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे, कपाट ओढल्यावर मागे दिसणारी काळी बुरशी. उपाय सांगणारेही पुष्कळ भेटतात: खिडक्या हवाबंद करून घ्या, भिंतीला आतून इन्सुलेशन लावा, ओलरोधक रंग मारा. हे सल्ले कुठल्या हवेत जन्मले आणि पुण्याच्या भिंती मुळात कशा बांधल्या जात, हे ठाऊक असल्याशिवाय त्यांतला कुठला घ्यायचा ते ठरवता येत नाही.

सुरुवात हवेपासूनच करायला हवी. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सगळे सिमला ऑफिसच म्हणतात. शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. लोणावळ्याकडे पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो, पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे. तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असल्यामुळे झड पश्चिमेच्या भिंतींवर बसते. जुलैत तापमान पंचवीस अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २२ अंशांवर असतो. म्हणजे २२ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागावर हवेतले बाष्प पाणी होऊन बसणार. एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, तर हाच दवबिंदू ११ अंशांपर्यंत खाली जातो. ती हवा भिंतीतून ओल खेचून नेते. पुण्याच्या भिंतीला भिजायला चार महिने आणि वाळायला आठ महिने मिळतात. पुढचा सगळा इतिहास या आठ महिन्यांचा आम्ही कसा उपयोग केला आणि पुढे ते कसे वाया घालवले, त्याचा आहे.

पेशवाईतल्या वाड्यांनी तो उपयोग पुरेपूर केला. खाली काळ्या दगडाचे जोते, जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून चांगले उंच. त्यावर तळमजल्याच्या जाड भिंती, वर सागाच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यात पातळ विटांची भर. मजल्यामजल्यांत तुळया, त्यांवर किलचांची, म्हणजे लाकडी चिपांची, दाटी आणि वर मातीचा थर. ही माती दिवसभराची उष्णता रिचवे आणि रात्री सोडी. मधल्या चौकातून हवा खेळे. न्हाणीघर मागे, घराच्या मुख्य भागापासून दूर. त्यामुळे रोजचे पाणी आणि वाफ माजघरापर्यंत येतच नसे. छपराला लांब वळचण असल्यामुळे पागोळ्या भिंतीपासून फूट-दोन फूट लांब पडत. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई आणि जाता जाता लाकूड कोरडे ठेवी. हवाबंद म्हणावे असे त्या घरात काहीच नव्हते.

या बांधकामाचा जीव चुन्यात होता. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मग वाळू किंवा विटेची सुरखी मिसळून घाणीत मळायची. घाणी म्हणजे जमिनीतला गोल दगडी चर. त्यात दगडाचे जड चाक फिरे आणि ते ओढायला बैल किंवा रेडा जुंपलेला असे. मळलेला चुना लोण्यासारखा मऊ होईपर्यंत गवंडी त्याला हात लावत नसे. गच्चीच्या कामाला त्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर पडे, आणि विटांच्या तुकड्यांसह तो थर दिवसचे दिवस थापीने ठोकला जाई. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीकडे जातो. त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. भिंत पावसाळ्यात थोडी ओल घेते आणि दसऱ्यानंतर ती दोन्ही अंगांनी सोडते. बारीक तडा गेलाच तर पाण्याबरोबर विरघळून आलेला चुना त्यात बसतो आणि तडा काही अंशी भरून निघतो. सिमेंटच्या गिलाव्यात हा गुण नावापुरताच उरतो.

१८१७ नंतर इंग्रजी लष्कराचा कॅम्प वसला आणि घराचा दुसरा नमुना आला: सुटा बंगला, चहूबाजूंनी व्हरांडा, उंच छत, छताखाली व्हेंटिलेटर. १८५४ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंगच्या वर्गातून, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या पूर्वरूपातून, बांधकाम खात्याची माणसे तयार होऊ लागली. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि नळीच्या कौलांच्या जोडीला मंगलोरी कौले आली. १८९७च्या प्लेगात पुण्यात घरोघर चुन्याची सफेदी मारली गेली. अंधारी, कोंदट घरे रोगाला आमंत्रण देतात हा विचार त्या काळात रुजला. मोकळी बाजू, सोडलेले अंतर, समोरासमोर खिडक्या यांचा आग्रह आला, १९१५ साली मुंबई प्रांताचा नगररचना कायदा झाला, आणि डेक्कन, एरंडवण्याकडची घरे याच विचाराने उभी राहिली. चौक गेला, पण वारा राहिला.

खरा बदल घडवला तो सिमेंटने, आणि तोही सरळ मार्गाने नव्हे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने वाड्यांची भाडी गोठली. दहा-पंधरा रुपये भाड्यात मालक शाकारणी कशाची करणार? फुटलेली कौले तशीच राहिली, तुळयांची टोके भिंतीत कुजत गेली. मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, आणि ज्या घरांत दगड-विटांच्या मध्ये मातीचे दर्ज होते ती बसली. त्या दिवसापासून पुणेकरांच्या मनात माती म्हणजे पडणारे घर आणि सिमेंट म्हणजे टिकणारे घर हे समीकरण पक्के झाले. गोखलेनगर, सहकारनगर अशा पूरग्रस्तांच्या वसाहती याच काळातल्या. १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३चा फ्लॅट मालकीचा कायदा यांनी सोसायटीच्या इमारतीला पाया दिला. पुढे ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, तेव्हा उरलासुरला विश्वासही गेला. ही भीती खरी होती, तिच्यामागे माणसे गेली होती. पण मातीचा कच्चा दर्ज आणि घाणीचा पक्का चुना यांतला फरक त्या भीतीत पुसला गेला, आणि चुना मातीबरोबरच हद्दपार झाला.

सिमेंट तेव्हा मुबलक नव्हते. ते परमिटवर मिळे. सिमेंटवाटपाच्या प्रकरणावरूनच १९८२च्या जानेवारीत मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे सिमेंट नियंत्रणमुक्त झाले. टंचाईच्या काळातल्या इमारतींत बाहेरची भिंत नऊ इंची विटेची, खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा आणि आतून नीरूचा हात असे. नीरू म्हणजे चुनाच. त्यावर चुन्याची सफेदी किंवा डिस्टेंपर. म्हणजे स्लॅब आला तरी आतला शेवटचा थर अजून श्वास घेणारा होता. नव्वदनंतर नीरूच्या जागी जिप्सम आणि पुट्टी आली, डिस्टेंपरच्या जागी प्लास्टिक इमल्शन, लाकडी खिडकीच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. छज्जे आखूड झाले आणि नंतर कित्येक इमारतींवरून गायबच झाले.

गच्चीचा सपाट स्लॅब हा त्यातला सर्वांत अवघड भाग. उतरत्या कौलांवरून पाणी वाहून जाई, इथे ते साठते. त्यावर मुंबई-पुण्याच्या ठेकेदारांनी जुन्या चुन्याच्या कोब्याचाच सिमेंटमधला अवतार शोधला: ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे उताराने रचायचे, मसाल्याने सांधायचे, वर पाणी साठवून काही दिवस परीक्षा घ्यायची. सव्वाचार-साडेचार इंचाचा हा थर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार टाकतो, पण थोडी उष्णताही अडवतो. वर पांढरा चिनी मोझॅक असला तर ऊन परतही जाते. याची गोम अशी की वरचा थर एकदा तडकला की पाणी विटांत शिरते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. बाथरूमच्या संकन, म्हणजे नळ बसवण्यासाठी खाली दाबून वर भराव घातलेल्या, स्लॅबमध्येही हेच होते. फरशीच्या सांध्यातून झिरपलेले पाणी भरावात साठते, आणि खालच्या घरातला डाग मेमध्येही वाळत नाही तेव्हा कारण पावसाळ्याशी नव्हे, त्या साठ्याशी असते. वरून सांधे भरून, रंग मारून तो जात नाही. भराव उकरावाच लागतो.

भिंतीही बदलल्या. हलके, बुडबुड्यांचे काँक्रीट १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये निघाले. लाकडाची टंचाई होती, थंडी अडवणारे आणि न कुजणारे काहीतरी त्यांना हवे होते. पुण्यात बांधकाम व्यावसायिक शिर्के यांनी मुंढव्याला सत्तरच्या दशकात त्याच काँक्रीटचे सिपोरेक्स ब्लॉक आणले, आणि आज कुठल्याही कंपनीचा असा ब्लॉक, म्हणजे एएसी ब्लॉक, असला तरी जुने गवंडी त्याला सिपोरेक्सच म्हणतात. विटेच्या चार-पाचपट चांगली उष्णता अडवणारा हा ब्लॉक पाणी मात्र भरपूर पितो, आणि काँक्रीटच्या कॉलमशी त्याचा सांधा आकुंचनाने उघडतो. तिथे जाळी न मारता गिलावा केला की पहिल्याच उन्हाळ्यात सरळ रेघ उमटते आणि पहिल्याच पावसात ती ओल दाखवते. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे मिवान शटरिंगच्या इमारती: ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, सहा-साडेसहा इंची, सलग काँक्रीटच्या भिंती. सांधे कमी, म्हणून गळतीही कमी. पण काँक्रीट उष्णता विटेच्या दुप्पट वेगाने आत आणते. पश्चिमेची बेडरूम रात्री अकरालाही तापलेली राहते आणि एसी लागतो.

हवाबंद घराचा विचार इथेच पुण्यात शिरतो, आणि त्याचे मूळ इथले नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर थंड देशांत घर गरम ठेवणे परवडेना. कॅनडात रिजायना शहरात १९७७ साली जाड इन्सुलेशनचे, फटी काटेकोर बुजवलेले प्रायोगिक घर उभे राहिले. जर्मनीत डार्मश्टाट इथे १९९१ साली पहिले पॅसिव्ह हाउस झाले. त्याची कसोटी अशी की ५० पास्कल दाबाच्या फरकालाही घरातली हवा तासाला ०.६ पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये. त्या हवेत घर आतून उबदार आणि दमट, बाहेर बर्फ. आतले बाष्प भिंतीत शिरून गोठू नये म्हणून बाष्परोधक पडदा आतल्या बाजूला लावतात. तिथे ते अगदी बरोबर आहे.

पुण्यात जुलैमध्ये दिशा उलटी असते. ओल बाहेर, थंड हवा आत. एसी लावलेल्या खोलीत भिंतीला आतून विनाइलचा वॉलपेपर, प्लास्टिकचे पॅनेल किंवा जाड इमल्शन असेल, तर बाहेरून आलेले बाष्प नेमके त्या थराच्या मागे अडते, थंड होते आणि पाणी होते. वॉलपेपरचा कोपरा नखाने सोलून पाहावा: कागद समोरून स्वच्छ दिसतो, आणि मागे पुट्टीचा लगदा झालेला असतो, त्यावर करड्या-काळ्या ठिपक्यांची नक्षी, आणि पहिल्या पावसात बंद राहिलेल्या ट्रंकेला येतो तो वास. अशा भिंतीला एप्रिलचे ऊन बाहेरून वाळवते, पण आतून तिला वाट नसते.

त्यात घरातलीच ओल वाढली आहे. चार माणसांच्या घरात स्वयंपाक, अंघोळ, श्वास आणि आत वाळत घातलेले कपडे मिळून रोज आठ-दहा लिटर पाणी हवेत मिसळते. पूर्वी ते कौलांतून, व्हेंटिलेटरमधून निघून जाई. आता ड्राय बाल्कनीला काच लागते, टेरेस आत घेतली जाते, आणि बाथरूमचा पंखा घटकाभर चालवायलाही कुणी तयार नसते. फटी बुजवण्याला माझा विरोध नाही. धूळ, रहदारीचा आवाज, एसीचे बिल, तिन्हींसाठी चांगली बसणारी खिडकी हवीच. पण फट बुजवली की हवा बाहेर काढण्याची जबाबदारी घरमालकावर येते, आणि हे खिडकी विकणाऱ्याने सांगायला हवे.

नियमही आता या दिशेने येऊ लागले आहेत. डिसेंबर २०१८मध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने इको निवास संहिता काढली. तिच्यात छतातून उष्णता आत येण्याची मर्यादा प्रति चौरस मीटर, आत-बाहेरच्या तापमानातल्या प्रति अंश फरकाला १.२ वॅट ठेवली आहे. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचा आकडा याच्या जवळपास तिप्पट भरतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने पैसे कुठे घालावेत याचे उत्तर या एका आकड्यात आहे: आधी गच्ची, तीही वरून. आतून छताला थर्मोकोल लावला तर स्लॅब तापतच राहतो, तडकतच राहतो. पश्चिमेच्या भिंतीलाही आतल्या अस्तरापेक्षा बाहेरून सावली, छज्जा आणि तडे भरणे आधी. जुन्या वाड्याची किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या बंगल्याची डागडुजी असेल, तर चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल त्यातून निघत नाही, ती भिंतीत वर चढते आणि कमरेइतक्या उंचीवरचा लोणा, म्हणजे भिंतीवर फुलणारा क्षार, छातीपर्यंत पोचतो. चुन्याचे काम करणारे गवंडी कमी आहेत, महागही आहेत, तरी पुण्यात ते अजून मिळतात.

रंगाची वेळही बदलायला हवी. दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढण्याची रीत चुन्याच्या सफेदीच्या काळातली आहे, आणि तेव्हा ती योग्यच होती. सफेदीचा थर पाझरता असे. भिंत पुढचे सहा महिने त्यातून वाळत राही. ऑक्टोबरात, परतीचा पाऊस जेमतेम थांबलेला असताना, त्याच भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक रंगाचे दोन हात बसले की पावसाळ्याची सगळी ओल आत कोंडली जाते आणि गुढीपाडव्यापर्यंत पोपडे येतात. ओल धरणाऱ्या भिंतीचा जुना रंग दिवाळीनंतर खरवडून ती होळीपर्यंत उघडी ठेवावी, आणि मार्च-एप्रिलमध्ये रंग काढावा. रंगाऱ्यांनाही तेव्हा कामाची घाई कमी असते.