फिट आणि चपलेचा वास
फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली की तो शुद्धीवर येतो, हा समज गावच्या पारावर जितका पक्का आहे तितकाच लोकलच्या डब्यातही. वास्तविक बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून फोडेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो आणि श्रेय कांद्याला मिळते. रुग्णाला कुशीवर वळवावे, दातांत चमचा मुळीच घालू नये आणि झटका ५ मिनिटांहून लांबल्यास रुग्णालय गाठावे. अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येणे, ही भूतबाधा नसून मेंदूचा आजार आहे आणि योग्य उपचारांनी सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. लग्न ठरले म्हणून मुलीच्या गोळ्या गुपचूप बंद करणे तर फार घातक, कारण औषध अचानक तोडल्याने जीवघेणे झटके येऊ शकतात.