कांगारू पद्धत: आई का बिचकते, कशाने रुळते

दीड किलोचं बाळ उघड्या छातीशी धरायला सांगितलं की पुष्कळ आया आधी विचारतात, ‘पेटीत नाही का ठेवणार?’ काचेची पेटी (इनक्युबेटर) म्हणजे खरा उपचार आणि असं छातीशी धरणं, म्हणजे कांगारू पद्धत, ही पेटी नसली तर करायची तडजोड, असा समज त्या प्रश्नामागे असतो. हा समज उगाच झालेला नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली, ती पेट्या अपुऱ्या होत्या आणि जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती म्हणूनच.

पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने हा समज खोडून काढला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांचा तिच्यात समावेश होता. भारतातलं केंद्र दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात होतं. काही बाळं स्थिर होईपर्यंत पेटीत किंवा वॉर्मरखाली (वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली) राहिली, बाकीची जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी. पहिल्या २८ दिवसांत पेटीच्या गटातली १५.७ टक्के बाळं दगावली, आईजवळची १२ टक्के. त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मापासूनच, रोज ८ ते २४ तास आईच्या छातीशी ठेवावं, अशी शिफारस केली. हे आईला नीट सांगितलं की ‘आपल्याला स्वस्तातला उपचार मिळतोय’ ही बोच बरीच कमी होते.

उरते ती भीती. ‘इतकं नाजूक, मान धरलेली नाही, माझ्याकडून काही झालं तर?’ हिला शब्दांनी उत्तर देता येत नाही. नर्सने स्वतः बाळ ठेवून दाखवायला हवं. बाळाला फक्त टोपडं, मोजे, लंगोट आणि फार तर पुढून उघडं झबलं. दोन स्तनांच्या मध्ये उभं, छातीला छाती लागलेली. मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. मान पुढे पडली तर श्वास कोंडतो. सगळ्यात धोक्याची चूक हीच. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात कोपरात वाकलेले. मग कुल्ल्यांपासून कानाच्या खालपर्यंत सुती कापडाने घट्ट बांधायचं, पण पोटावर दाब येऊ द्यायचा नाही. आईने उशा लावून अर्धवट रेलून बसायचं. सिझरचे टाके असले तरी असं बसणं जमतं. बाळाचा श्वास छातीवर जाणवू लागला की भीती ओसरायला लागते.

उष्णतेचं गणित समजलं तर आईचा विश्वास आणखी वाढतो. लहान बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचा जास्त, आणि त्वचेखाली चरबी जवळजवळ नाहीच. अंग गार पडलं की ऊब टिकवण्यासाठी प्राणवायू आणि साखर खर्ची पडते, वजन वाढत नाही. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस हवं. आईच्या त्वचेची ऊब ते सांभाळते. म्हणून घरी गेल्यावर बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. तिच्या धुराने या बाळाचा श्वास आणखी अडतो.

‘आई तयार नाही’ असा शेरा फार लवकर मारला जातो. बाळ एका मजल्यावर नवजात कक्षात, आई दुसऱ्या मजल्यावर, बसायला प्लास्टिकची खुर्ची, आडोशाला पडदा नाही, समोरून लोकांची ये-जा. अशा जागी पदर सोडून तासन्‌तास बसायला कोणती बाई तयार होईल? त्या चाचणीत नवजात कक्षातच आईसाठी खाट होती, हे विसरता कामा नये. पाठीला टेकू देणारी खाट, पुढून उघडणारा गाऊन आणि पडदा मिळाला, तर ‘नको’ म्हणणारी आईही बसते.

घरातली अडचण वेगळी. एका बैठकीला निदान तासभर तरी लागतो, कारण सारखं उचल-ठेव केलं की बाळाची झोप मोडते. म्हणजे स्वयंपाक-धुणी दुसऱ्याने करायला हवीत. ‘सवय लागेल’ म्हणणाऱ्या सासूबाईंना सुट्टी मिळण्याआधीच वॉर्डात बोलावून त्यांच्या छातीशी बाळ द्यावं. पुढे त्या स्वतः बाळ घेऊन आईला विश्रांती देतात. बाबाही घेऊ शकतात.

दूध प्यायचं सोडलं, छाती आत ओढली जाऊ लागली, मिनिटाला ६० हून जास्त श्वास झाले, ओठ निळसर झाले किंवा छातीशी असूनही अंग गार लागलं, तर लगेच रुग्णालय गाठावं.

कधी थांबायचं ते बाळच सांगतं. अडीच किलोच्या आसपास ते हातपाय झाडायला लागतं, कापडातून बाहेर यायला बघतं, बांधलं की रडतं.