कार्डिगनच्या किनाऱ्यावरचे उत्सव: ११७६ चं कौतुक आणि १९५० चा नियम

२०२६ च्या ऑगस्टमधली वेल्सची राष्ट्रीय आइस्टेदवोद, म्हणजे कविता आणि संगीताच्या स्पर्धांचा वेल्श भाषेतला उत्सव, पश्चिम किनाऱ्यावरच्या कार्डिगनपासून पाचेक किलोमीटरवरच्या लँटूड गावाच्या शिवारात भरवायचं ठरलं आणि तेव्हापासून जिकडेतिकडे "८५० वर्षांची परंपरा" हेच ऐकू यायला लागलं. हिशोब बरोबर आहे, ११७६ मधून मोजलं तर ८५० च होतात. पण या किनाऱ्यावर आज जे काही भरतं, म्हणजे आइस्टेदवोद, रेगाटा (होड्यांच्या शर्यती), मॅकरेल माशाची प्रेतयात्रा, फूड फेस्टिव्हल, लांबलेलं जुनं नवं वर्ष, त्यातलं फार थोडं ११७६ पर्यंत पोचतं. बाकीचं बरंचसं गेल्या दीडशे वर्षांतलं आहे, आणि माझ्या मते आजचा उत्सवांचा नकाशा ज्या एका गोष्टीने आखला ती तर १९५० मधली आहे. तिच्याकडे येऊच.

आधी ११७६ उरकून घेऊ. त्या वर्षी ख्रिसमसला दक्षिण वेल्सच्या राजाने कार्डिगनच्या किल्ल्यात मोठी मेजवानी दिली आणि कवींची एक नि वादकांची एक अशा दोन स्पर्धा लावल्या. दवंडी वर्षभर आधी पिटलेली, वेल्सभर तर झालीच पण इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडपर्यंत. प्रत्येक स्पर्धेच्या विजेत्याला एक खुर्ची. कवितेची खुर्ची उत्तरेच्या ग्विनेथवाल्यांनी नेली, वादनाची राजाच्याच दरबारातल्या एका तरुणाला मिळाली. इतिवृत्तात याबद्दल मोजक्या ओळी आहेत आणि नंतर सगळी शांतता. किल्ला नुकताच दगडात बांधून काढलेला होता, तेव्हा काव्यप्रेमाइतकाच तो शक्तिप्रदर्शनाचा कार्यक्रम असणार हे उघड आहे.

मधली शतकं भराभर: १४५० च्या सुमाराला कारमार्थेनला एक मेळावा, १५६७ मधे उत्तरेत केर्विसला राणीच्या हुकमावरून एक, ज्यात खऱ्या कवींना परवाने द्यायचे आणि भटक्यांना हाकलायचं असा सरकारी हेतू होता. मग परंपरा अशी आटली की गावच्या खानावळीत जमून चार कवींनी एकमेकांना ओळी ऐकवण्यापुरती उरली. तिला परत उभं केलं ते १७८९ नंतर, आणि गंमत म्हणजे लंडनमधे बसलेल्या वेल्श मंडळींनी. १७९२ मधे ग्लॅमॉर्गनच्या एका गवंडीकाम करणाऱ्या कवीने लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगड मांडून ड्रुइडांचा, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचा, विधी केला, तो प्राचीन आहे असं ठोकून दिलं आणि १८१९ मधे कारमार्थेनच्या एका सरायच्या बागेत तो आइस्टेदवोदला चिकटवलाही. झगे, तलवार, तीनदा "शांतता आहे का?" असं विचारणं, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या बनावट हस्तलिखितांचं पितळ उघडं पाडलं. लोकांना हे माहीत आहे, तरी तलवार अर्धी बाहेर निघाली की सगळा मंडप एका सुरात उत्तर देतो. दोनशे वर्षं केलं की बनावट गोष्टही परंपराच होते, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

किनाऱ्याकडे हे सगळं आलं ते रेल्वेने. अ‍ॅबरिस्टविथला १८६४ मधे रूळ पोचले आणि पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय आइस्टेदवोद भरली, हा योगायोग नाही. कार्डिगनला गाडी यायला १८८६ उजाडलं. गाडीबरोबर समुद्रस्नानाला येणारे पाहुणे आले, त्यांच्यासाठी बँड, रेगाटा, कार्निव्हल आले. त्याच वेळी चॅपलवाल्यांची, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंट पंथांची, पकडही घट्ट होती. १९०४ चं जे मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं त्याची ठिणगी याच किनाऱ्यावर, न्यू की आणि ब्लाएनानेर्खच्या आसपास पडली, आणि दारू, जत्रा, दांडगाईचे खेळ यांना त्याने चांगलाच चाप लावला. गावागावातल्या छोट्या आइस्टेदवोदांना मात्र चॅपलनेच पोसलं. जागा चॅपलची, गाणारे चॅपलचे, परीक्षक बहुतेकदा शेजारच्या गावचा पाद्री. केरेडिगिऑनमधे, म्हणजे कार्डिगन ज्यात येतं त्या जिल्ह्यात, आजही अशा कितीतरी छोट्या आइस्टेदवोदा चालतात, मध्यरात्र उलटली तरी परीक्षकाचं भाषण संपत नाही ही तक्रारही त्यांच्याइतकीच जुनी.

आता तो नियम. मंचावर फक्त वेल्श, बाकी काही नाही.

एकोणिसाव्या शतकातली राष्ट्रीय आइस्टेदवोद आजच्यासारखी नव्हती, तिथे इंग्लिश धो धो चालायची. १८४७ मधे शाळांची पाहणी करायला आलेल्या सरकारी मंडळींनी वेल्श भाषा आणि वेल्श बायकांची नीतिमत्ता यांबद्दल इतकं वाईट लिहून ठेवलं की पुढची पन्नास वर्षं इथल्या पुढाऱ्यांचा जीव आम्ही कसे सभ्य आणि प्रगत आहोत हे इंग्रजांना दाखवण्यात गेला. १८६२ पासून आइस्टेदवोदमधे समाजशास्त्राचा एक विभागच काढला, कामकाज इंग्लिशमधून. मैफलींना लंडनचे गायक बोलवायचे. एवढं करून १८६६ मधे लंडनच्या एका मोठ्या दैनिकाने वेल्श भाषा म्हणजे वेल्सला लागलेला शाप असं लिहिलंच. १८६८ पर्यंत कर्ज इतकं झालं की सगळा डोलारा बसला, तो १८८० मधे नवीन संस्था काढून परत उभा केला. पण मंचावरचं इंग्लिश काही हटलं नाही, अध्यक्ष म्हणून आलेला सरदार किंवा खासदार इंग्लिशमधे भाषण ठोकायचा, लोक टाळ्या वाजवायचे आणि मग कवितेचा निकाल तेवढा वेल्शमधे.

१९३७ मधे माखन्लेथच्या आइस्टेदवोदच्या वेळी नवी घटना मंजूर झाली आणि वेल्श ही उत्सवाची अधिकृत भाषा ठरली. मग महायुद्ध आलं. प्रत्यक्षात नियम कडकपणे लागू झाला तो १९५० मधे, केअरफिलीला. जागा बघा, केअरफिली दक्षिणेच्या कोळशाच्या पट्ट्यात, जिथे वेल्श घराघरातून जात चाललेली. म्हणजे नियमाची पहिली परीक्षा सगळ्यात अवघड पेपरवर झाली. १९५१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे २९ टक्के निघाले, १९०१ मधे ते निम्म्याच्या आसपास होते. हे आकडे समोर ठेवले की नियम करणाऱ्यांची घाई कळते.

विरोध करणारे मूर्ख नव्हते हे पण सांगायला पाहिजे. त्यांचं म्हणणं साधं होतं: उत्सव राष्ट्रीय म्हणवता, जिल्ह्याजिल्ह्यातल्या कौन्सिलांकडून पैसे घेता, आणि मग त्याच करदात्यांपैकी दहातल्या सात जणांना मंचावरचं कळत नाही. आपल्याकडच्या साहित्य संमेलनात कोणी हा मुद्दा काढत नाही कारण ते ज्या भाषेचं असतं ती भाषा तिच्या प्रदेशात बहुसंख्येची असते, इथे तसं नव्हतं. खाणीतल्या कामगाराची आई वेल्श बोलायची, त्याला शाळेत फक्त इंग्लिश मिळाली, आणि आता त्याच्याच गावात भरलेल्या उत्सवात तो परका. हा सल खरा होता आणि अजूनही पूर्ण गेलेला नाही. मधला मार्ग म्हणून पुढे कानाला लावायची भाषांतराची यंत्रं आली, वेल्श शिकणाऱ्यांसाठी वेगळा तंबू आला, शिकणाऱ्याचं बक्षीस आलं. ते घेणारा माणूस कधी इंग्लंडचा असतो, कधी आणखी कुठला, आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या बऱ्याचदा त्यालाच पडतात.

तरी मला विचाराल तर नियम नसता तर आज आइस्टेदवोद ही एक द्विभाषिक जत्रा झाली असती, आणि द्विभाषिक कार्यक्रमात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, स्वागताची दोन वाक्यं वेल्शमधे आणि बाकी सगळं इंग्लिशमधे. वेल्शमधून रॉक बँड निघाले, रात्रीचे तरुणांचे गिग सुरू झाले, त्यांना वर्षातला एक आठवडा हक्काचा प्रेक्षक मिळाला तो या कुंपणामुळेच. पण कुंपण आलं की दारावरची भांडणंही आलीच. २०२३ मधे लीन द्वीपकल्पावर बोदुआनला आइस्टेदवोद होती तेव्हा एका तरुण रॅपरच्या गाण्यांत इंग्लिशचं प्रमाण जास्त म्हणून त्याचा कार्यक्रम होऊ शकला नाही, आणि त्यावरून आठवडेच्या आठवडे वाद झाले. दोन्ही बाजूंना वेल्श बोलणारेच होते, हे महत्त्वाचं.

आइस्टेदवोदचा आणखी एक मोठा वाद कार्डिगनला झाला, तो भाषेचा नव्हता, नियमावलीचा होता. १९७६ मधे, ८०० वर्षं झाली म्हणून, राष्ट्रीय आइस्टेदवोद मुद्दाम कार्डिगनला घेतली. दुष्काळाचं वर्ष, नुसती धूळ. खुर्चीच्या कवितेचा विषय वसंत. कविता टोपणनावाने जातात, परीक्षकांनी जी सर्वोत्तम ठरवली ती निघाली जवळच्याच एका शेतकरी कवीची, आणि मग लक्षात आलं की हा गृहस्थ स्थानिक साहित्य समितीवर होता, म्हणजे नियमाने तो भाग घेऊच शकत नव्हता. शेवटी खुर्ची दुसऱ्या क्रमांकाच्या कवीला दिली, त्याला मुकुटही, म्हणजे कवितेचं दुसरं मोठं बक्षीसही, त्याच वर्षी मिळालं होतं. हा डबल त्याने १९७३ मधेही केलेला, त्यामुळे कवी म्हणून तो काही कच्चा नव्हता, पण आपण बसतोय ती खुर्ची परीक्षकांच्या मते दुसऱ्याची आहे हे माहीत असताना बसायचं म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. नियम मोडला होता यात वाद नाही. पण नियम होता कशासाठी, तर विषय आधी कळून फायदा होऊ नये म्हणून, आणि "वसंत" या विषयावर आधी कळून असा काय फायदा होणार हे मला आजवर समजलेलं नाही. पुढे २००८ मधे तोच शेतकरी त्या झगेवाल्या मंडळाचा प्रमुख झाला.

आइस्टेदवोद सोडून या किनाऱ्यावरची सगळ्यात बोलकी तारीख १३ जानेवारीची. फिशगार्डच्या मागे ग्वाउन खोऱ्यात त्या दिवशी जुनं नवं वर्ष साजरं करतात, पोरं घरोघर वेल्श गाणी म्हणत हिंडतात आणि पैसे-मिठाई गोळा करतात. सगळीकडे लिहिलेलं असतं की १७५२ मधे ब्रिटनने पंचांग बदललं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, आणि खोऱ्याने ते मानलं नाही. पण हिशोब करून बघा. १७५२ मधे फरक ११ दिवसांचा होता, म्हणजे जुना १ जानेवारी नव्या पंचांगात १२ ला पडायला हवा. १८०० हे जुन्या पंचांगात लीप वर्ष होतं, नव्यात नव्हतं, त्या भानगडीने फरक १२ झाला तेव्हा तो १३ वर गेला. १९०० नंतर तो १४ वर जायला हवा होता, तो गेलाच नाही. म्हणजे ज्यांनी राजाचं पंचांग मानलं नाही ते एकोणिसाव्या शतकात जुन्या पंचांगाप्रमाणे नीट सरकले आणि विसाव्यात थांबले. तोपर्यंत शाळा, पोस्ट, छापील कॅलेंडर आलेलं, १३ तारीख भिंतीवर लागून गेली असावी.

बाकी उन्हाळ्यातलं कॅलेंडर बहुतेक अलीकडचं. कार्डिगनला एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी घोड्यांची मिरवणूक निघते, जव पेरून झाल्यावर शेतकरी शहरात यायचे त्यातून आलेली. किल्गेरानला टेइफी नदीवर कोरॅकल म्हणजे त्या टोपलीसारख्या गोल होड्यांच्या शर्यती, या १९५० पासूनच्या. अ‍ॅबेराइरॉनला ऑगस्टमधे हंगाम संपल्याचं निमित्त करून मॅकरेलची तिरडी काढतात, लोक काळे कपडे घालून रडायची ॲक्टिंग करतात. सीफूडचे फेस्टिव्हल, नदीकाठचे बाजार, डिसेंबरातली कंदिलांची मिरवणूक हे सगळं पर्यटन वाढल्यावरचं. कार्डिगनचा पडका किल्ला कौन्सिलने २००३ मधे विकत घेतला आणि २०१५ मधे तो उघडल्यावर कार्यक्रमांना एक हक्काचं अंगण मिळालं. या कार्यक्रमांत पाटी दोन्ही भाषांत असते आणि माइकवर बहुतेक इंग्लिश. एका बाजूला पूर्ण वेल्श आठवडा आणि दुसऱ्या बाजूला हे, ही जी वाटणी झाली ती १९५० शिवाय इतकी स्पष्ट झाली असती असं वाटत नाही.

कोविडने केरेडिगिऑनची आइस्टेदवोद दोनदा पुढे ढकलली, २०२० ची ती २०२२ मधे ट्रेगॅरॉनला झाली, हजार-बाराशे वस्तीच्या गावात. २०२१ च्या जनगणनेत केरेडिगिऑनमधे वेल्श बोलणारे ४५.३ टक्के, दहा वर्षांपूर्वी ४७.३ होते. लँटूड मात्र हद्दीच्या पलीकडे, पेम्ब्रोकशायरमधे, तिथला जिल्ह्याचा आकडा १७.२. जिल्ह्याच्या दक्षिण भागात इंग्लंडच्या राजाने अकराशे सालानंतर लगेचच फ्लेमिश लोक आणून वसवले, तेव्हापासून तो भाग इंग्लिश बोलतो, आणि ती भाषेची रेघ अजून नकाशावर दाखवता येते. म्हणजे ११७६ ची दवंडी पिटली तेव्हाही या जिल्ह्याचा अर्धा भाग ती दुसऱ्या भाषेतच ऐकत असणार. आयोजकांना भाषांतराची यंत्रं पुरेशी मागवावी लागणार.